छातीठोक बोलणं आणि मेंदूचे रंगीत फोटो: खानापूरच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मॅडम, आम्ही खानापूर तालुक्यातले. घरी चार म्हशी आहेत, डेअरीला दूध घालतो. मुलगा नऊ वर्षांचा. दुसरीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होता, आता खानापुरात इंग्लिश मीडियमला चौथीत आहे. वाचताना फार अडखळतो. शाळेच्या हॉलमध्ये बाहेरगावच्या एका सरांचा कार्यक्रम झाला. पडद्यावर मेंदूचे रंगीत फोटो दाखवले, पोरांच्या दहा बोटांचे ठसे घेतले आणि तीस पानांचा रिपोर्ट दिला. आमचा मुलगा ‘राइट ब्रेन’चा आहे म्हणे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश, त्यामुळं मेंदूवर लोड येतो, तेव्हा घरातलं मराठी बंद करा आणि ‘मिडब्रेन’ चालू करायचा कोर्स लावा, असं सांगितलं. फी म्हणजे आमचे दोन महिन्यांचे दुधाचे पैसे. मला पटेना, खरं आमचे मालक म्हणतात, येवढा शिकलेला माणूस येवढं ठासून सांगतोय ते खोटं कसं असंल? मेंदूचे फोटो काय खोटे असतात काय?”

ताई, आधी तातडीचं सांगते. कोर्सचे पैसे भरू नका. घरातलं मराठी बंद करू नका. आणि मुलाचे कान एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. कानांचं का, ते पुढे येईल.

आता तुमच्या मालकांचा प्रश्न. मी बेळगावात चोवीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि हाच प्रश्न मला प्राध्यापकांनी, बँकेतल्या अधिकाऱ्यांनीही विचारला आहे. ठाम बोलणारा माणूस जाणकार असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात, ते यामुळेच. एरवी ही सवय उपयोगीसुद्धा पडते. तुमच्या डेअरीतला जुना माणूस किटलीत नुसतं डोकावून म्हणाला की आज दूध पातळ आहे, तर त्याचं बहुधा बरोबर निघतं. कारण तो बोलतो आणि लगेच मशीन फॅटचा आकडा दाखवतं. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, आपलं बरोबर आलं की चुकलं हे त्याला तिथल्या तिथं कळत आलं आहे. त्याचा ठामपणा त्या आकड्यांनी घासून घासून तयार झालेला आहे.

पण बैल विकायला आलेला दलाल तितक्याच ठामपणे म्हणतो की चार दातीच आहे, डोळे झाकून घ्या. तेव्हा तुमचे मालक काय करतात? बैलाचा ओठ वर करून दात बघतात. दलालाचा आवाज डेअरीतल्या माणसापेक्षा जरासुद्धा कमी ठाम नसतो, म्हणून आवाजावरून काही ठरवता येत नाही. बघायचं ते एवढंच, की या माणसाचं चुकलं तर ते त्याला कळतं का, आणि नुकसान कोणाच्या पदरात पडतं.

हाच प्रश्न त्या कार्यक्रमाच्या सरांना लावून पाहा. आज खानापूर, उद्या संकेश्वर, परवा गोकाक. दोन वर्षांनी तुमचा मुलगा कसा वाचतो, हे त्यांना कोण सांगणार आहे? ते मुद्दाम खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. त्यांचा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास असू शकेल. पण ज्या विश्वासाला कधी कोणी तपासलंच नाही, त्याच्या जोरावर दोन महिन्यांचं दूध द्यायचं नसतं.

हे मी स्वतःच्या पेशाबद्दलही तितक्याच गांभीर्यानं सांगते. २०१३ साली अमेरिकेत ११८ डॉक्टरांना आजारांच्या काही कहाण्या देऊन निदान करायला सांगितलं होतं. सोप्या कहाण्यांत सुमारे ५५ टक्के निदानं बरोबर आली. अवघड कहाण्यांत ६ टक्क्यांपेक्षाही कमी. मग त्यांना विचारलं, तुमच्या निदानाची तुम्हाला किती खात्री आहे? सोप्या कहाण्यांत दहापैकी ७.२ आणि अवघड कहाण्यांत ६.४. म्हणजे अचूकपणा पार कोसळला आणि खात्री जेमतेम हलली. यात मला नवल वाटत नाही. ज्याचं निदान चुकतं तो रोगी पुष्कळदा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि पहिल्याला आपण चुकलो हे कळतच नाही.

माझंही असं झालं आहे. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत निपाणीकडची एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वर्गात लक्ष देत नाही, हाक मारली तरी बघत नाही, अशी तक्रार. मी तासाभरात सांगून टाकलं की हा एकाग्रतेचा प्रश्न आहे. मेंदूचा पुढचा भाग, त्याची वाढ, असं कागदावर चित्र काढून समजावलं. त्या माउलीनं आठ महिने मी सांगितलेलं सगळं केलं. शेवटी एका सर्दीच्या वेळी गावच्या डॉक्टरांनी कानात पाहिलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं होतं. मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं. ती बाई परत येऊन मला हे सांगून गेली, म्हणून मला कळलं. न सांगता गेलेले आणखी किती असतील, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. तेव्हापासून कान आणि डोळे तपासल्याशिवाय मी मुलाच्या अभ्यासाबद्दल मत देत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात मुलं महिनोन् महिने सर्दीनं भरलेली असतात, म्हणून तुम्हाला ते पहिल्याच ओळीत सांगितलं.

त्या दिवशी मी कागदावर मेंदूचं चित्र काढलं नसतं, तर त्या आईनं कदाचित विचारलं असतं, “मॅडम, ऐकू येत नसेल असं तर नाही ना?” आईला ते सुचतं. पण मेंदूचं नाव निघालं की समोरचा गप्प होतो. आपलं काम आता ऐकून घेण्याचं, असं त्याला वाटतं.

यावर एक प्रयोग झालेला आहे. २००८ साली येल विद्यापीठातल्या डीना वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना माणसाच्या वागण्याची काही स्पष्टीकरणं वाचायला दिली. काही चांगली होती. काही अगदी पोकळ, म्हणजे प्रश्नच फिरवून उत्तर म्हणून मांडलेला. त्यातल्या काहींना ‘मेंदूच्या स्कॅनमध्ये असं दिसतं की’ अशा थाटाचं एक वाक्य जोडलं, ज्याचा मूळ मुद्द्याशी काही संबंध नव्हता. सामान्य वाचकांना तेच पोकळ स्पष्टीकरण मेंदूचं वाक्य जोडल्यावर जास्त पटलं. मेंदूविज्ञानाचा एक अभ्यासक्रम शिकत असलेले विद्यार्थीही फसले. त्या विषयातले मुरलेले तज्ज्ञ मात्र फसले नाहीत.

त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष गाजला होता, की मजकुराशेजारी मेंदूचा फोटो नुसता छापला तरी लोकांना तो जास्त खरा वाटतो. शिक्षकांच्या शिबिरांत मी हे कितीतरी वर्षं ठासून सांगत असे. मग २०१३ साली दुसऱ्या संशोधकांनी जवळजवळ दोन हजार लोकांवर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि फोटोचा परिणाम जवळपास शून्य निघाला. मी ते सांगणं थांबवलं. तेव्हा तुमच्या मालकांना सांगा, फोटो खोटे नसतात. ते कोणाच्या तरी मेंदूचे असतील, पण तुमच्या मुलाच्या मेंदूचे नव्हते. त्याच्या मेंदूत त्या सरांनी पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिली ती त्याची बोटं.

अशा वेळी मी एक साधी गोष्ट करते. वाक्यातून ‘मेंदू’ काढून टाकते आणि काय उरतं ते बघते. ‘तुमच्या मुलाचा उजवा मेंदू प्रबळ आहे, म्हणून त्याला चित्रांतून लवकर समजतं.’ मेंदू काढला की उरतं, ‘मुलाला चित्रांतून लवकर समजतं.’ हे कोणत्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल खरं नाही? डाव्या-उजव्या मेंदूचं मूळ बोलणं आलं ते रॉजर स्पेरी यांच्या कामातून. फेफऱ्यासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांमधला दुवा शस्त्रक्रियेनं तोडला होता, अशा रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला, आणि १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. ते काम भक्कम आहे. पण त्यावरून ‘हा डाव्या मेंदूचा माणूस, तो उजव्या मेंदूचा’ असं निघत नाही. २०१३ साली अमेरिकेत यूटा विद्यापीठात १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन याच प्रश्नासाठी तपासले. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलं, पण सगळा मेंदूच एका बाजूनं जास्त चालतो अशी माणसं सापडली नाहीत.

बोटांच्या ठशांचं तसंच. आईच्या पोटात साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात त्या रेषा तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींत हाताच्या रेषा वेगळ्या दिसतात हे डॉक्टर जाणतात, आणि एवढ्या अर्ध्या सत्याला धरून पुढची सगळी इमारत उभी केलेली आहे. ठशांवरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर कळतं याला पुरावा नाही. भारतीय मानसोपचार संघटनेनंही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका जाहीर केलेली आहे.

तुम्ही म्हणाल, पण रिपोर्टमधलं वर्णन तर तंतोतंत जुळतंय. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. वर्णन किती जुळलं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. तुम्हीही करून पाहा. रिपोर्टवरचं नाव झाकून त्यातली दोन पानं तुमच्या जावेला वाचून दाखवा, आणि हे तिच्या मुलाबद्दल आहे असं सांगा. ती काय म्हणते ते ऐका.

मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, हा मेंदूच्या देठाचा वरचा छोटासा भाग आहे. बुबुळाची बाहुली लहान-मोठी करणं, डोळे फिरवणं, आवाज आला तिकडे नजर वळवणं, जागं राहणं, अशी कामं तो करतो. तो जन्मापासून चालूच असतो. त्याला मोठी इजा झाली तर माणूस बेशुद्ध पडतो. मुलाला अंधाऱ्या खोलीतून उजेडात आणा आणि डोळ्यांकडे बघा, बाहुली लहान होताना दिसेल. त्याचा मिडब्रेन काम करतोय याची ती खूण. मिडब्रेन चालू झाला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचतं, असं या कोर्सवाले करून दाखवतात. मुलं वाचतात ते नाकाच्या बाजूला राहणाऱ्या फटीतून. मंगळूरचे नरेंद्र नायक आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांनी ही फट लोकांना पुन्हा पुन्हा दाखवून दिली आहे. मला यात सर्वांत जास्त कशाचं वाईट वाटतं, तर मुलाला सगळं कळत असतं. आपण फटीतून बघतोय हे त्याला ठाऊक असतं, समोर आईवडील टाळ्या वाजवत असतात, आणि त्यांनी पैसे भरलेत हेही त्याला ठाऊक असतं. खोटं टिकवायची जबाबदारी नऊ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर येते.

गावातलेच लोक फसतात असं समजू नका. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका विद्यार्थिनीला खुनासाठी जन्मठेप दिली, आणि पुराव्यांत तिच्या डोक्यावर तारा लावून केलेली मेंदूची चाचणीही धरली होती. मेंदूत त्या घटनेचा ‘अनुभव’ साठलेला आहे, असा त्या चाचणीचा दावा होता. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या समितीनं हे तंत्र अशास्त्रीय असल्याचं सांगितलं. पुढं मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला की नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची अशी चाचणी कोणावरही त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही.

राहिली भाषा. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण कोर्सचे पैसे गेले तर दोन महिन्यांत भरून निघतील, पण घरातली भाषा बंद केली तर तिचं नुकसान भरून येणं कठीण.

‘तीन भाषांचा मेंदूवर लोड येतो’ हे बोलणं शंभर वर्षांचं जुनं आहे. १९२३ साली वेल्समध्ये सेअर नावाच्या संशोधकानं सांगितलं की दोन भाषा बोलणारी मुलं बुद्धीच्या चाचणीत मागे पडतात. आकडे होते, त्यामुळं शिक्षक आणि पालक हादरले. पण फरक दिसला होता तो खेड्यातल्या मुलांत. शहरातल्या मुलांत तो नव्हताच. म्हणजे खेडं, गरिबी आणि शाळेची स्थिती यांचं खापर भाषेवर फुटलं होतं. १९६२ साली कॅनडात माँट्रियलला पील आणि लॅम्बर्ट यांनी मुलांची घरची परिस्थिती सारखी आहे हे बघून तुलना केली, तेव्हा दोन भाषांची मुलं उलट पुढेच निघाली.

आता आपल्याला आवडेल असा एक अभ्यास सांगते, आणि त्यातही सांभाळून राहायला सांगते. २०१३ साली सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. काम चांगलं आहे. पण उद्या कोणी पडद्यावर हा आकडा दाखवून ‘चार भाषा शिकवा, मेंदू तल्लख होईल’ असा कोर्स विकायला आला, तर त्यालाही हेच प्रश्न विचारा. जास्त भाषा बोलणारी माणसं आणखी कितीतरी बाबतींत वेगळी असू शकतात, आणि म्हातारपणीच्या आजाराचा अभ्यास चौथीतल्या मुलाच्या वाचनाबद्दल काही सांगत नाही.

जे पक्कं माहीत आहे ते साधं आहे. अनेक भाषांत वाढल्यानं मुलाला भाषेचा आजार होत नाही. एकेका भाषेत शब्द थोडे कमी दिसतील, पण सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर ते कमी नसतात. मुलाची भाषा वाढते ती भरपूर, सलग, जिव्हाळ्याचं बोलणं ऐकून. तुम्ही घरात मराठी बंद करून मोडकं इंग्लिश बोलू लागलात तर काय होईल? ‘कम’, ‘ईट’, ‘होमवर्क डन?’ एवढंच उरेल. म्हैस का आटली, मामा का रुसला, काल पुलावर पाणी आलं तेव्हा एसटी कशी वळवली, हे सगळं बंद होईल. कारण सांगणं, आधी-नंतर सांगणं, जर-तर लावणं, हे मूल या गप्पांतून शिकतं आणि पुढे तेच इंग्लिशमध्ये नेतं. घरात आजी असतील तर तो त्यांच्याशी काय बोलणार? आपल्या सीमाभागात भाषेवरून आधीच पुष्कळ ओढाताण आहे. ती मुलाच्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊ देऊ नका. मराठी, कन्नड दोन्ही त्याला मनसोक्त बोलू द्या.

मग तो अडखळतो का? मला लांबून सांगता येणार नाही, आणि जे कोणी हॉलमध्ये दहा मिनिटांत सांगतात त्यांनाही ते सांगता येत नसतं. पण सुरुवात घरी करता येते. त्याला दुसरीच्या मराठी पुस्तकातलं, न पाठ झालेलं एक पान वाचायला द्या. मराठी सरळ वाचत असेल आणि इंग्लिशलाच अडत असेल, तर दुसरीनंतर माध्यम बदललं हे कारण सर्वांत आधी डोळ्यांपुढे ठेवा. त्याला वेळ आणि इंग्लिशचा पाया हवा. मराठीतही काना-मात्रा सुटत असतील, जोडाक्षरांशी थांबत असेल, ओळीवरून ओळीवर उडी जात असेल, तर कान आणि डोळे तपासून झाल्यावर वाचनाच्या अडचणीची रीतसर चाचणी करून घ्यावी लागेल. ती एका बैठकीत होत नाही. तशी अडचण निघाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिला जागा आहे, आणि पुढे एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, जादा वेळेसारख्या सवलतींसाठी तो कागद कामाला येतो. माझाही अंदाज पहिल्या भेटीत चुकू शकतो. म्हणून तीन महिन्यांनी तेच पान पुन्हा वाचायला लावून आपण दोघी बघू. फरक पडला नसेल तर मला वाट बदलावी लागेल.

माझ्याकडे या किंवा जवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञांकडे जा. मालकांनाही बरोबर घेऊन या, त्यांच्या शंका त्यांच्या तोंडून ऐकायला मला आवडेल. तो तीस पानांचा रिपोर्ट घरीच राहू द्या. त्याऐवजी मुलाच्या वह्या आणा, मराठीची, कन्नडची आणि इंग्लिशची, तिन्ही, आणि शाई सांडलेली किंवा फाटलेली असली तरी तशीच आणा.